बोटीच्या व्ही-८ इंजिनाचे सुटे भाग: निवड प्रोपेलरपासून सुरू करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वीस फुटी फायबरची बोट आहे. तिच्यात शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक कुळातले ५.७ लिटरचे, म्हणजे ३५० घनइंचांचे, व्ही-८ पेट्रोल इंजिन आहे. त्याची मूळची ताकद सुमारे २६० हॉर्सपॉवर असून मागे स्टर्न ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरमधून प्रोपेलरपर्यंत नेणारे बोटीमागचे युनिट, आहे. बोट वर्षातले बहुतेक महिने नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या जलाशयात राहणार आणि दिवाळीनंतर काही आठवडे अलिबागला जाणार. इंजिन खोललेलेच आहे, तर ते ३८३ घनइंचांचे करून ४०० हॉर्सपॉवर काढावेत असा आपला विचार आहे, आणि त्यासाठी आपण अमेरिकन कॅटलॉगवरून केलेली यादी पाठवली आहे: लांब स्ट्रोकचा (पिस्टनची धाव वाढवणारा) कास्ट, म्हणजे ओतीव, क्रँक, सपाट डोक्याचे हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनच्या ओतीव ॲल्युमिनियमचे) पिस्टन, ६४ सीसी चेंबरची ॲल्युमिनियमची हेड, ०.०५० इंच लिफ्टवर २३६ अंश ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, क्रँकच्या अंशांत) आणि १०८ अंश लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांतले अंतर) असलेला कॅम, सिंगल प्लेन (एकाच पोकळीचा) मॅनिफोल्ड आणि ७५० सीएफएमचा (मिनिटाला ७५० घनफूट हवा देणारा) कार्ब्युरेटर. मी सातपूरला इंजिने बांधण्याचे काम करतो आणि त्यात बोटींचीही इंजिने येतात. आपल्या यादीतला एकही भाग हलका नाही. मात्र ही यादी गाडीची आहे, आणि तीही जिला पूर्ण ताकद एका वेळी काही सेकंदच लागते अशा गाडीची.

बोटीच्या इंजिनाला उतार मिळत नाही. भरलेला ट्रक कसारा घाट चढत असावा आणि घाटमाथा कधी येऊच नये, तसे त्याचे काम असते. थ्रॉटल जितका उघडा, तितका भार सतत अंगावर. सपाट रस्त्यावर पाय सैल सोडून इंजिनाला उसंत देण्याची सोय पाण्यात नाही. प्रोपेलरची ताकदीची मागणी साधारणपणे आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जो प्रोपेलर ४८०० आरपीएमला ३५० हॉर्सपॉवर मागतो, तो ३५०० ला १३५ ते १४० वर भागवतो आणि त्यापुढच्या प्रत्येक शंभर आरपीएमला त्याची भूक झपाट्याने वाढत जाते. यातून दोन गोष्टी ठरतात. एक म्हणजे, वरच्या टोकाला इंजिनात जितकी ताकद तितकेच आरपीएम, त्याच्या पुढे ते जाऊच शकत नाही. कॅटलॉगमध्ये ६००० आरपीएमला दाखवलेली ताकद आपल्या बोटीत कधी अवतरणार नाही. दुसरी म्हणजे, पूर्ण थ्रॉटलवर दहा मिनिटे चालवणे ही बोटीत नेहमीची गोष्ट आहे, आणि त्या दहा मिनिटांत पिस्टनचे डोके, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि तेल ज्या तापमानाला स्थिरावतात ते तापमान गाडीच्या इंजिनाला बहुधा कधीच बघावे लागत नाही.

म्हणून भागांची निवड मागून, म्हणजे प्रोपेलर आणि ड्राइव्हकडून, सुरू करावी. आपल्या मूळ इंजिनासाठी पूर्ण थ्रॉटलची मर्यादा बहुधा ४४०० ते ४८०० आरपीएम अशी दिलेली असेल. नव्या बांधणीचे ध्येय मी ४८०० ला ठेवीन, फार तर ५००० ला. ४८०० आरपीएमला ४०० हॉर्सपॉवर हवे असतील तर त्या ठिकाणी सुमारे ५९० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, आणि टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या ६.३ लिटरच्या इंजिनाकडून इतक्या वरच्या आरपीएमला तो काढायचा तर त्याला चांगलेच ताणावे लागते. ३५० हॉर्सपॉवरसाठी ५२० न्यूटन-मीटर पुरतात, आणि हा आकडा साध्या, टिकाऊ भागांनी गाठता येतो. त्यातही आपला ड्राइव्ह कोणता, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे. या आकाराच्या बोटींत सर्रास आढळणारा मर्क्रुझर अल्फा जातीचा ड्राइव्ह साधारण ३०० हॉर्सपॉवरपर्यंतच्या कामाचा मानला जातो. त्यावर ४०० लादले तर वरच्या गिअरचे दात आधी जातात. जास्त ताकद हवी असेल तर ब्राव्हो जातीचा जड ड्राइव्ह बसवण्याचा खर्च आजच यादीत धरावा, नाहीतर ३०० वर समाधान मानून उरलेला पैसा टिकाऊपणावर लावावा. मला स्वतःला दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

३८३ करण्याला माझा विरोध नाही. बोटीसाठी लांब स्ट्रोक ही योग्यच निवड आहे, कारण खालच्या आरपीएमला टॉर्क मिळतो आणि बोट लवकर पाण्यावर उचलली जाते. मूळचा स्ट्रोक ३.४८ इंच आहे, नवा ३.७५ इंच, आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तीस थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज केला की ४.०३० इंच. पिस्टनचा सरासरी वेग ४८०० आरपीएमला सेकंदाला सुमारे १५.२ मीटर होतो. मूळच्या स्ट्रोकवर तोच वेग ५२०० च्या जरा अलीकडे आला असता. म्हणजे स्ट्रोक वाढवताना आपण इंजिनाला आरपीएमच्या हिशेबाने चारशेने पुढे नेत आहोत, हे लक्षात ठेवून खालचा भाग निवडावा. क्रँक फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, घ्यावा. ४३४० पोलाद हे आपल्याकडच्या ईएन २४ च्या जवळचे, आणि ते दळायला, तपासायला नाशिकमध्ये हात आहेत. ऑर्डर देण्यापूर्वी ब्लॉकच्या मागच्या, क्रँकच्या टोकाशी तेल अडवणाऱ्या, सीलचा प्रकार नीट पाहावा. या कुळातल्या ब्लॉकना १९८६ पासून अखंड रिअर सील आला, त्याआधी तो दोन तुकड्यांचा होता, आणि दोघांचे क्रँक एकमेकांना चालत नाहीत. परदेशातून मागवलेला क्रँक परत पाठवण्याचा खर्च बघता हा पाच मिनिटांचा तपास कोणीही टाळू नये. क्रँक, रॉड, पिस्टन, पुढचा डॅम्पर आणि फ्लायव्हील हे सर्व एकत्र देऊनच डायनॅमिक बॅलन्सिंग करून घ्यावे, कारण या इंजिनांत समतोलाचे काही वजन डॅम्पर किंवा फ्लायव्हीलवर असू शकते आणि वेगवेगळ्या संचांतले तुकडे जोडले की तो हिशेब बिघडतो.

आता कॉम्प्रेशन रेशोचे, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते त्याचे, गणित पाहू, कारण यादीतला सर्वांत मोठा धोका तिथे आहे. ४.०३० बोअर आणि ३.७५ स्ट्रोकला एका सिलिंडरचे आकारमान ७८४ सीसी येते. पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाटीच्या) बरोबरीत येतो असे धरले, ४० थाऊ जाडीचा हेड गॅस्केट धरला तर त्याचे साडेआठ-नऊ सीसी, हेडचे ६४ आणि सपाट पिस्टनवरच्या व्हॉल्व्हच्या खाचांचे सुमारे ५. बेरीज ७८ च्या आसपास. ७८४ मध्ये ७८ मिळवून त्याला ७८ ने भागले की रेशो ११ च्या वर जातो. तेच हेड, तोच गॅस्केट, पण पिस्टनच्या डोक्यावर २२ सीसीची वाटी असेल तर रेशो ९.३ येतो. मी हाच घेईन. डेक बरोबरीत ठेवून गॅस्केट सुमारे १ मिलिमीटरचा ठेवल्याने पिस्टनचे डोके आणि हेड यांतली फट अरुंद राहते, मिश्रणाची घुसळण चांगली होते आणि नॉकिंगला, म्हणजे मिश्रण आपोआप भडका घेऊन पेटण्याला, आळा बसतो. जाड गॅस्केट टाकून रेशो उतरवण्याची युक्ती काही ठिकाणी सांगितली जाते. तिच्यात आकडा उतरतो, पण ही फटही रुंदावते, आणि नॉकिंगचा धोका म्हणावा तितका कमी होत नाही.

९.३ हा आकडा आपल्याला भित्रा वाटेल, म्हणून त्याची कारणे सांगतो. अमेरिकन कॅटलॉगमधला ऑक्टेनचा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, आणि आपल्या पंपावरचा आकडा रिसर्च पद्धतीचा असतो. त्यामुळे तिकडचे ९१ म्हणजे इकडचे साधारण ९५ आणि तिकडचे ८७ म्हणजे इकडचे ९१. कॅटलॉगमध्ये ‘९१ ऑक्टेनला योग्य’ असे वाचून आपण इकडच्या ९१ च्या पेट्रोलवर इंजिन चालवू लागलो तर सुरुवातच चुकीच्या पायावर होते. १०० ऑक्टेनचे पेट्रोल काही शहरांतल्या निवडक पंपांवर मिळते, पण अलिबागच्या बंदरावर कॅनने पेट्रोल आणून भरायची वेळ आली की इंजिनाला मिळेल ते प्यावे लागते. दुसरे कारण उंचीचे आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी. गंगापूरला जे इंजिन अजिबात नॉक करत नाही, ते अलिबागला सिलिंडरमध्ये सात टक्के जास्त हवा घेणार आणि तिथे नॉक करू शकते. शिवाय पाण्यातून बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्टच्या आवाजात, पूर्ण थ्रॉटलवर, नॉकिंग कानाला कळत नाही; ते कळते पिस्टनची रिंगेची पट्टी फुटल्यावर. म्हणून ॲडव्हान्सही (पिस्टन वर पोहोचण्याआधी किती अंश ठिणगी पडते तो आकडा) गाडीसारखा ३४-३६ अंशांना नेऊ नये. सुरुवातीला एकूण ३० अंश ठेवावेत, प्लगांचे रंग वाचावेत, आणि ३२ च्या पुढे जाण्याचे कारण बहुधा सापडणार नाही.

कॅमविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गाडीचा कॅम बोटीत घातल्याने झालेले नुकसान मी टेबलावर उघडलेल्या हेडमध्ये पाहिलेले आहे. बोटीचा एक्झॉस्ट ओला असतो. रायझरमध्ये (एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरच्या उंच वळणाच्या नळीत) थंड करणारे पाणी धुरात सोडले जाते. कॅमचा ओव्हरलॅप जास्त असला की आयडलिंगला इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात, मॅनिफोल्डमधल्या निर्वातामुळे धूर उलटा ओढला जातो आणि त्याच्याबरोबर पाण्याची वाफ व तुषार सिलिंडरपर्यंत पोहोचतात. कोकणातून आलेल्या अशा एका इंजिनाचे हेड उतरवले तेव्हा बोअर वरवर चांगले दिसत होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाहेर काढल्यावर मात्र स्टेमवर, गाईडच्या तोंडाशी, विटकरी रंगाची बारीक कडी होती, सीटवर सुईच्या टोकाएवढे खड्डे होते, आणि दोन सिलिंडरांत वरच्या रिंगेच्या उंचीवर गंजाची एक अर्धवर्तुळाकार रेघ होती, जिथे इंजिन बंद झाल्यावर ती रिंग थांबलेली होती. मालकाची तक्रार फक्त ‘सकाळी चालू व्हायला त्रास देते’ एवढीच होती.

आपल्या यादीतल्या कॅमचा हिशेब केला तर ०.०५० लिफ्टवर ओव्हरलॅप २० अंश येतो: ड्युरेशनच्या निम्मे ११८, त्यातून १०८ वजा, आणि त्याची दुप्पट. मी सुचवतो तो कॅम २१४ ते २१८ अंश ड्युरेशनचा आणि ११२ ते ११४ लोब सेपरेशनचा. २१६ आणि ११३ धरले तर हाच आकडा उणे १० येतो. तीस अंशांचा हा फरक म्हणजे कोरडा आणि भिजलेला सिलिंडर यांतला फरक आहे. आणि ताकद? ४८०० आरपीएमपर्यंतच जाणाऱ्या ३८३ ला २१६ अंश पुरेसे आहेत. २३६ चा फायदा जिथे सुरू होतो तिथे आपला प्रोपेलर इंजिनाला पोहोचूच देणार नाही. शक्य असेल तर हायड्रॉलिक रोलर, म्हणजे कॅमवर चाकाने फिरणाऱ्या टॅपेटचा कॅम, घ्यावा. सपाट टॅपेटच्या कॅमला तेलात पुरेसा झिंक-फॉस्फरस लागतो, पहिल्या वीस मिनिटांच्या रन-इनची काळजी लागते, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या बोटीत लोब कोरडे पडतात. रोलर घेताना डिस्ट्रिब्युटरचा गिअर कॅमच्या धातूला चालणारा आहे ना, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. पोलादी कॅमवर साधा बिडाचा गिअर ठेवला तर तो झिजून त्याचा चुरा तेलात उतरतो.

हेडबाबत आपल्याला ॲल्युमिनियमचा मोह का झाला हे समजते. वजन कमी, उष्णता लवकर निघते, रेशो अर्ध्या अंकाने वाढवता येतो. केवळ गंगापूरचे गोडे पाणी असते तर मी हरकत घेतली नसती. पण अलिबागचे खारे पाणी थेट ब्लॉक आणि हेडमधून फिरणार असेल तर ॲल्युमिनियम नको. बंद कूलिंग, म्हणजे हीट एक्स्चेंजर आणि आत कूलंट, असेल तरच ती घ्यावीत. माझी शिफारस १९९६ नंतरच्या व्होर्टेक जातीच्या बिडाच्या हेडची आहे. चेंबर ६४ सीसीच, पोर्ट चांगले, किंमत आटोक्यात. तिच्या दोन गोष्टी सांभाळाव्यात. मूळ स्प्रिंग आणि गाईडवर साधारण ०.४७ इंचांच्या पुढे लिफ्ट नेला तर रिटेनर गाईडला टेकतो, आणि जुन्या हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मध्ये तडा जाण्याची खोड आहे, म्हणून प्रेशर टेस्टशिवाय जुने हेड घेऊ नये. इनटेक मॅनिफोल्ड तिच्या बोल्टच्या रचनेचा, आणि ड्युअल प्लेन (दोन पोकळ्यांचा). एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चांगल्या स्टेनलेसचे. हेड गॅस्केट बोटीसाठी बनवलेला, ज्याचा गाभा गंजणाऱ्या साध्या पत्र्याचा नसतो. कोअर प्लग (ब्लॉकच्या पाण्याच्या भोकांवरची झाकणे) पितळी.

७५० चा कार्ब्युरेटर मोठा होतो. ३८३ घनइंच आणि ४८०० आरपीएमला, नव्वद टक्के भरणा धरून, इंजिन ४८० सीएफएमच्या आसपास हवा घेते. ६०० ते ६५० चा कार्ब्युरेटर भरपूर झाला. आकारापेक्षा तो बोटीचा असणे महत्त्वाचे. त्याविषयी पुढे लिहितो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्याला हवेच्या प्रमाणात पेट्रोल जास्त लागते: निव्वळ पेट्रोलला १४.७ भाग हवा, वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. शुद्ध पेट्रोलसाठी जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके) बसवलेला कार्ब्युरेटर तसाच बसवला तर मिश्रण हलके पडते, आणि हलके मिश्रण व पूर्ण भार हे एकत्र आले की पिस्टन वितळतो. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून मिश्रणाचे प्रमाण सांगणारा) लावण्यासाठी रायझरच्या आधी, कोरड्या भागात, जागा शोधावी. अलिबागला गेल्यावर जेट पुन्हा तपासावेत.

पिस्टन. हायपरयुटेक्टिक पिस्टनांवर असंख्य बोटी वर्षानुवर्षे चालल्या आहेत, त्यामुळे मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण नॉकिंग झाले तर ते काचेसारखे फुटतात, फोर्ज्ड पिस्टन निदान इशारा देतो. फोर्ज्डमध्ये ४०३२ मिश्रधातूचा घ्यावा. त्यात सुमारे बारा टक्के सिलिकॉन असते, तो कमी फुगतो आणि बोअरमध्ये जवळ बसवता येतो. २६१८ हा टर्बो किंवा सुपरचार्जरच्या मारासाठी. त्याला जास्त क्लिअरन्स लागतो आणि थंड असताना तो वाजतो. रिंगेचा गॅप हा बोटीत सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा आकडा आहे. वरच्या रिंगेला बोअरच्या प्रत्येक इंचामागे पाच थाऊ, म्हणजे आपल्या बोअरला वीस थाऊ किंवा अर्धा मिलिमीटर. दुसरीला त्याहून एक-दोन थाऊ जास्त. हायपरयुटेक्टिकच घेणार असाल तर बनवणाऱ्याचा कागद वाचावा, कारण काही बनावटींत वरची रिंग डोक्याच्या फार जवळ असल्याने ते इंचामागे साडेसहा थाऊ मागतात. रिंग ज्या बोअरची त्याच बोअरमध्ये, उलट्या पिस्टनने इंचभर खाली सरळ ढकलून, फिलर गेजने मोजावी. फाइल बाहेरून आत अशी एकाच दिशेने चालवावी आणि टोकाची धार दगडाने हलकेच मोडावी. गॅप कमी पडला आणि रिंगेची टोके उष्णतेने एकमेकांना भिडली, तर ती बोअर खरवडते किंवा पिस्टनचा काठ उपटून नेते. गॅप चार थाऊ जास्त झाल्याने मात्र बोटीत काहीही बिघडत नाही.

ब्लॉकवर पैसे खर्च करण्यापूर्वी त्याची जाडी मोजून घ्या. जो ब्लॉक खाऱ्या पाण्यात काही हंगाम चालला आहे तो आतून किती खाल्ला गेला हे बाहेरून कळत नाही. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात मोटारीच्या भागांचे आणि ओझरच्या विमान कारखान्याचे काम करणारे इतके कारखाने आहेत की अल्ट्रासॉनिक जाडीमापन आणि मॅग्नेटिक पार्टिकल चाचणी करून देणाऱ्या प्रयोगशाळा हाताशी आहेत. या बाबतीत नाशिककर भाग्यवान आहेत. प्रत्येक सिलिंडरची वर, मध्ये आणि खाली, चारही बाजूंनी जाडी घ्यावी. थ्रस्टच्या बाजूला (जिकडे पिस्टन भिंतीवर दाबला जातो) बोअर केल्यानंतर पाच मिलिमीटरच्या आसपास उरायला हवेत. त्याच्या बरेच खाली गेले तर दुसरा ब्लॉक पाहावा. ब्लॉकच्या मागच्या कोपऱ्यांत, कोअर प्लगच्या मागे, गोदावरीचा पावसाळी गाळ घट्ट बसलेला असतो. तो हॉट टँकमध्ये (गरम रसायनाच्या टाकीत) पूर्ण निघत नाही, प्लग काढून तारेने खरवडून काढावा लागतो. मागचे सिलिंडर गरम चालण्याचे कारण पुष्कळदा हा गाळच असतो.

होनिंग (सिलिंडरची शेवटची घासाई) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी कसायची जाड प्लेट, लावूनच करावे. या ब्लॉकची प्लेट इथे कोणाकडे तयार मिळेल अशी अपेक्षा नको, पण ५० मिलिमीटर जाड प्लेटमधून व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) ती करून देणारे वर्कशॉप अंबडमध्ये सहज सापडते. हेडचे बोल्ट ताणले की सिलिंडरचा वरचा भाग थोडा वाकडा होतो. प्लेट लावून होन केल्यास तो हेड बसवल्यानंतर गोल राहतो. ड्रॉइंग देताना मापे इंच आणि मिलिमीटर दोन्हींत लिहावीत. ३.७५ चा क्रँक फिरताना रॉडचे बोल्ट ऑइल पॅनच्या कडेला आणि कॅमला कुठे जवळ जातात ते सर्व आठ रॉड लावून हाताने फिरवून पाहावे आणि निदान दीड मिलिमीटर मोकळीक ठेवावी. बेअरिंगचा क्लिअरन्स जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाच्या) प्रत्येक इंचाला एक थाऊ हा जुना नियम इथे चालतो: २.४५ इंचांच्या मेनला अडीच थाऊ, २.१० च्या रॉडला सव्वादोन. प्लास्टिगेजवर (बेअरिंगमध्ये चेपून फट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्यावर) शेवटचा निर्णय सोडू नये; बोअर गेज आणि मायक्रोमीटरने मोजावे. रॉडचे बोल्ट टॉर्कपेक्षा ताणावर, स्ट्रेच गेजने, कसावेत. वंगण कोणते आणि धागे कसे आहेत यावर टॉर्कचा आकडा बदलतो, बोल्टचा ताण तसा बदलत नाही. प्रत्येक बोल्टची मोकळी लांबी क्रमांकासह लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी खोलल्यावर कोणता बोल्ट कायमचा लांबला आहे ते लगेच कळते.

तेलासाठी पॅन मोठा घ्यावा, सात लिटरच्या आसपास, आत आडपडदे असलेला, कारण बोट उचलली जाताना तेल मागे धावते. फक्त तो बोटीच्या तळाच्या दांड्यांमध्ये बसतो का हे आधी मोजावे. ऑइल कूलर अत्यावश्यक आहे. तेल चार-स्ट्रोक बोटींसाठीच्या एफसी-डब्ल्यू खुणेचे घ्यावे, २५डब्ल्यू-४० मिळाले तर उत्तम; त्या खुणेसाठी गंजाची चाचणी असते, आणि आपली बोट पावसाळाभर उभी राहणार आहे.

कूलिंगमध्ये मी बंद पद्धत घेण्याचा आग्रह धरतो. थेट पाण्याच्या पद्धतीत थर्मोस्टॅट ६० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावा लागतो, नाहीतर खारे पाणी आत क्षार सोडू लागते. बंद पद्धतीत ७१ अंशांचा चालतो, इंजिन योग्य तापमानाला राहते आणि गाळही आत जात नाही. हीट एक्स्चेंजरमधला पेन्सिल झिंक (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारी जस्ताची कांडी) अलिबागच्या प्रत्येक फेरीनंतर काढून पाहावा. बाहेरच्या पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर दर हंगामाला नवा, आणि इनटेकवर गाळणी हवीच. पानवेलीचा एक दांडा आडवा बसला की दोन मिनिटांत इंजिन तापते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर जुने असतील तर नव्या इंजिनावर ते लावू नयेत. रायझर आतून सडून पाणी सिलिंडरमध्ये उतरले तर नवा क्रँक, नवे पिस्टन, सारे एका सकाळी जाते. रायझरची उंचीही पाण्याच्या पातळीपेक्षा पुरेशी वर आहे का, हे बोट भरलेली असताना पाहावे.

शेवटी ते भाग, ज्यांत काटकसर मी कोणालाही करू देत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि गाडीसारखी खाली रस्त्यावर सांडून जात नाही, बोटीच्या तळाशी साठते. म्हणून स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर हे ठिणगी बाहेर न पडणाऱ्या, एसएई जे ११७१ नुसार बनलेल्या जातीचेच हवेत. गाडीचा अल्टरनेटर अगदी हुबेहूब बसतो आणि म्हणूनच तो घातक आहे. कार्ब्युरेटर बोटीचा घ्यायचा, कारण त्याच्या व्हेंट नळ्या आत वळवलेल्या असतात आणि कार्ब्युरेटर ओसंडला तर पेट्रोल बाहेर न सांडता घशात जाते. एअर फिल्टरऐवजी फ्लेम अरेस्टर (ज्वाला बाहेर न येऊ देणारी जाळी). फ्युएल पंप दुहेरी डायफ्रॅमचा. पाइप इथेनॉलला चालणारे, ए-१ खुणेचे. ब्लोअर (तळातली वाफ बाहेर काढणारा पंखा) चालू करून चार मिनिटे थांबल्याशिवाय चावी फिरवू नये. आणि गंगापूरचे पाणी नाशिकच्या नळाला येते, तेव्हा इंजिनाखाली ट्रे आणि तेल शोषणारे पॅड कायम ठेवावेत, तळाचा पंप तेलकट पाण्यावर कधीही सोडू नये.

पैशांचा क्रम विचाराल तर सुरक्षेचे भाग, ब्लॉकची तपासणी आणि मशिनिंग, क्रँक-रॉड-पिस्टन, रायझर आणि हीट एक्स्चेंजर, मग कॅम आणि हेड, सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर. ऑर्डर देण्यापूर्वी मला चार गोष्टी कळवाव्यात: ड्राइव्हच्या प्लेटवरचा मॉडेल क्रमांक आणि गिअरचे गुणोत्तर, सध्याच्या प्रोपेलरचा व्यास आणि पिच, त्यावर गंगापूरला पूर्ण थ्रॉटलवर मिळत असलेले आरपीएम, आणि ब्लॉकच्या मागे, बेलहाउसिंगजवळ उठवलेला कास्टिंग नंबर. हे हाती आले की पिस्टनची वाटी आणि कॅम नक्की करून देता येतील.